ड्रॉसेराचं बी सहा आठवड्यांत उगवलं नाही, म्हणजे बी खराब आहे का?

“सहा आठवडे झाले, कुंडी नुसतीच ओली दिसते, बी खराब निघालं का, फेकून देऊ का,” असं तुम्ही विचारलंय. फेकू नका. “बीच कमजोर होतं” हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

माझ्याकडे केप सनड्यू आहे, म्हणजे ड्रॉसेरा कॅपेन्सिस, चिकट पानांनी कीटक पकडणाऱ्या ड्रॉसेराची एक जात. त्याच्या तुऱ्यावर रोज एखाददुसरं फूल उघडतं, काही तासांत मिटतं, आणि परागीभवन त्याचं तोच करतो. बोंडं तपकिरी होऊन सुकली की पांढऱ्या कागदावर झटकायची. काळं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं, दोन्ही टोकांना निमुळतं बी पडतं. कागद कलता केला की धुळीसारखं सरकतं, शिंक आली तर सगळं गेलं. त्या दिवशीच्या बियांचे मी दोन भाग केले. एक मला, एक मामांना.

छाटणी, कलम, कीड ओळखणं, सगळं मला मामांनीच शिकवलंय. त्यांनी कोकोपीटमध्ये गांडूळखत कालवलं, बी टाकलं आणि वरून मातीचा पातळ थर दिला. “बी उघडं ठेवायचं नसतं.” पाणी नळाचं. मी पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेलं परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मं-निम्मं घेतलं, बी नुसतं वर भुरभुरलं, कुंडी सेंटीमीटरभर पाण्याच्या ताटलीत ठेवली आणि वर पारदर्शक झाकण घातलं. या बियांना रुजायला उजेड लागतो. मातीखाली ते रुजत नाही.

एकोणिसाव्या दिवशी मला हिरवे ठिपके दिसले, तेही भिंगातून. नुसत्या डोळ्यांनी ते शेवाळच वाटतं, म्हणून तुम्ही आधी भिंग घ्या. तुमच्या कुंडीत कदाचित रोपं असतीलही! आधी दोन साधी दलं येतात. मग जे पहिलं खरं पान येतं ते टाचणीच्या डोक्याहून लहान असतं, पण त्यावरही लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्वास रोखून धरला होता, झाकण उघडं होतं म्हणून.

मामांच्या कुंडीत काहीच आलं नाही. “बी कमजोर.” मग माझी रोपं कशी आली? “तुझ्या वाट्याला चांगलं आलं असेल.”

पुढे मला दहा दिवस बाहेर जावं लागलं. रोपं चाळीसेक होती. पाणी घालायला मामा येत होते. पावसाच्या पाण्याची बाटली भरून ठेवली होती, चिठ्ठीही लिहिली होती. पण रोपं इतकी बारीक पाहून त्यांना दया आली आणि त्यांनी नळाच्या पाण्यात चिमूटभर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे रासायनिक खत विरघळवून ताटलीत ओतलं. मी आले तेव्हा एकाही पानावर थेंब नव्हता. कडा तपकिरी, वर हिरवा तवंग. सहा रोपं वाचली, तीही लगेच नव्या पीटमध्ये हलवली म्हणून.

ही वनस्पती मुळात दलदलीतली. तिथल्या आम्लधर्मी, निकस जमिनीत नायट्रोजन मिळत नाही, म्हणून तो ती कीटकांतून पानांवाटे घेते. मुळांना क्षारांची सवयच नाही. ताटलीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि दर वेळी वाढत जातात. म्हणून पाणी पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पन्नासच्या आत हवा, आणि तो मीटर लावून बघा. घरगुती आरओ यंत्रांत बऱ्याचदा चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. कोकोपीटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वापरू नका. त्यात मीठ असतं आणि ते घालवायला काही जण कॅल्शियम नायट्रेट वापरतात, म्हणजे पुन्हा खतच.

खायला घालायचंच असेल तर पानाला घाला. डार्विननं १८७५ साली या वनस्पतींवरचे प्रयोग छापले, आणि १८७८ मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस यानं दाखवून दिलं की पानांवर मांस मिळालेल्या रोपांना बी जास्त येतं. माशांच्या खाद्याची पूड, सुईच्या टोकावर मावेल इतकीच. जास्त झाली की बुरशी. हे मी मामांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, परदेशातली झाडं वेगळी.

त्या सहा रोपांना चौदा महिन्यांनी तुरे आले. त्यांचं बी मी पेरलं आणि तेही तिसऱ्या आठवड्यात उगवलं. कमजोर बियांच्या रोपांचं बी असं उगवतं का? मामांनी ती कुंडी हातात घेऊन बराच वेळ पाहिली, बोलले काहीच नाहीत.

एक राहिलंच. हे सगळं कॅपेन्सिसचं झालं. तुमचं बी रोटुंडिफोलिया किंवा फिलिफॉर्मिससारख्या थंड प्रदेशातल्या जातीचं असेल तर सहा आठवडेच काय, सहा महिनेही काही दिसणार नाही. त्याला आधी ओलसर पीटमध्ये चार ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, फ्रीजरमध्ये नाही. बर्मानी या उष्ण प्रदेशातल्या जातीला याची गरज नसते. पुडीवर जातीचं नाव काय आहे आणि बियांवर माती टाकलीत का, एवढं कळवा. टाकली असेल तर वरचा थर हलक्या हातानं ब्रशनं बाजूला करा आणि अजून दोन महिने थांबा.