डायनासोरांनंतर आधी कोण सावरलं?

प्रश्न: डायनासोर संपल्यावर सस्तन प्राणी लगेच मोठे झाले का?

उत्तर: लगेच नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या युकातानजवळ सुमारे १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. काजळी, धूळ आणि गंधकाच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवलं, प्रकाशसंश्लेषण खुंटलं आणि काही वर्षं कडाक्याची थंडी पडली. वनस्पती मेल्याने खायला काही उरलं नाही; खरा घात या उपासमारीने केला. (पक्षी मात्र तगले, आणि तेही डायनासोरांचेच वंशज.)

उत्तर अमेरिकेत, लघुग्रहाच्या धुळीतून साचलेल्या इरिडियम या धातूच्या थराच्या अगदी वरच्या गाळात परागकण जेमतेम, नेच्यांचे (फर्नचे) बीजाणू मात्र खच्चून भरलेले दिसतात. बीजाणू वाऱ्यावर पसरतात, कीटकांवाचून अडत नाही; म्हणून उजाड जमीन आधी नेच्यांनी व्यापली.

सस्तन प्राण्यांची वाढ झाडांच्या मागोमाग झाली. कोलोरॅडोतल्या कोरल ब्लफ्सच्या जीवाश्मांत सुरुवातीला उंदराएवढे प्राणी आहेत. सुमारे ३ लाख वर्षांनी अक्रोडाच्या कुळातली झाडं वाढली तेव्हा २५ किलोंचे, आणि ७ लाख वर्षांनी, शेंगा धरणाऱ्या वनस्पती आल्या तेव्हा, ५० किलोंच्या आसपासचे.

हवामान पुढे उलट्या टोकाला गेलं. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत प्रचंड कार्बन मिसळून तापमान ५ ते ८ अंशांनी चढलं. त्या उष्म्यात आदिम घोडे चक्क आकाराने घटले.