सॉल्ट प्रिंटने सुरुवात करतोयस तर हे ऐक

अल्ब्युमेन प्रिंटच्या मागे इतक्यात लागू नकोस, अंड्याचा पांढरा बलक फेटण्या-गाळण्यातच दिवस जातील. आधी सॉल्ट प्रिंट कर, म्हणजे मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर उन्हात फोटो छापायची, फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या इंग्रज संशोधक टॅल्बटची १८४० च्या आसपासची पद्धत. चांगला कॉटनचा कागद २ टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून वाळव, मग पिवळ्या बल्बच्या उजेडात १२ टक्के सिल्व्हर नायट्रेट ब्रशने लाव, परत वाळवून वर निगेटिव्ह ठेव, दोन्ही प्रिंटिंग फ्रेममध्ये दाबून बसव आणि सरळ उन्हात.

सिल्व्हर नायट्रेट फक्त डिस्टिल्ड पाण्यात हं, नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते लगेच दुधाळ होतं, माझी पहिली अख्खी बाटली अशीच गेली. आणि ग्लोव्हज, चष्मा घालच, डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते.

फ्रेमची मागची फळी अर्धी उघडून बघत राहा, सावल्या हव्या त्यापेक्षा बऱ्याच गडद, चॉकलेटी-जांभळ्या झाल्या की काढ, कारण हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात) रंग विटकरी होऊन फिका पडतो. हायपोआधी मात्र पाणी दुधाळ यायचं थांबेपर्यंत धू.

विषय म्हणशील तर नाशिकचं नारोशंकराचं देऊळ घे. आपल्याकडचा काळा दगड भर दुपारी नुसता काळा ठिक्कर येतो, तिरक्या उन्हात कोरीवकाम उठतं. १८५८ मध्ये मदुराई-तंजावरची देवळं टिपणाऱ्या लिनियस ट्राइपचे प्रिंट नक्की बघ. तेव्हाची निगेटिव्ह निळ्या उजेडालाच जास्त धरायची, आकाश पांढरं फटक यायचं, म्हणून तो निगेटिव्हवर हाताने ढग रंगवायचा! तुला तोच भाव हवा असेल तर डिजिटल फोटोचा निळा चॅनल (फक्त निळ्या रंगाचा भाग) घेऊन निगेटिव्ह काढ.