कारमध्ये स्वच्छ आवाजासाठी कोणता सबवूफर घ्यावा?

हॅचबॅक आहे, दणदणाट नको, पण ढोलकी-तबला खरा ऐकू यावा, त्यासाठी 12 इंची घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: 10 इंची घ्या आणि तो बंद बॉक्समध्ये बसवा.

दुकानात आधी पोर्टेड बॉक्स (हवेसाठी नळी किंवा भोक, म्हणजे पोर्ट, ठेवलेला) ऐकवतात, कारण तेवढ्याच वॉटमध्ये तो मोठा वाजतो. पण पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या आसपासचे सूर फुगतात. मग डग्गा काय आणि बेस गिटार काय, सगळं एकाच सुरात घुमतं. बंद बॉक्समधली हवा कोनला (सबवूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) आवरून धरते, ठोका संपला की आवाज थांबतो. अगदी खालचे सूर थोडे कमी पडतात, पण छोट्या गाडीची बंद केबिन ते बरेचसे भरून काढते.

सबवूफरच्या माहितीपत्रकात एफएस (Fs, कोन आपसूक ज्या हर्ट्झला हलतो तो आकडा) आणि क्यूईएस (Qes, मोटर त्या हलण्याला किती आवरते त्याचा आकडा) असतात. एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर 50 च्या खाली आलं तर तो बंद बॉक्सचा, 100 च्या वर असेल तर पोर्टेडचा. हे आकडेच दिले नसतील तर तो सबवूफर सोडून द्या.

बॉक्सचं माप कंपनीने दिलेलंच धरा. बऱ्याच 10 इंचींना 20 लिटरच्या आसपास लागतं. आतून 40 × 30 × 18 सेंटिमीटर म्हणजे 21.6 लिटर, त्यातले दीड-दोन मॅग्नेट खातो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) 18 मिलिमीटरचं घ्या, सांधे आतून सिलिकॉनने बंद करा. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं एमडीएफ फुगतं, म्हणून कापलेल्या कडांना सीलर मारूनच कार्पेट चढवा. सांध्यातून हवा गळली की फुसफुस ऐकू येते आणि ठोका ढिला पडतो.

डब्यावरचे '1200 वॉट' विसरा, आरएमएस (सलग झेपणारे वॉट) बघा. 250-300 वॉट आरएमएसचा मोनो अँप (एकाच चॅनेलचा ॲम्प्लिफायर) पुरतो. वायर 4 गेजची, तीही तांब्याची. तांबं चढवलेली ॲल्युमिनियम वायर खपवतात, ती नको. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवाच, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागते. अर्थ रंग खरवडलेल्या पत्र्यावर द्या. स्पीकरमधून येणारी 'कुंई' बहुतेक वेळा खराब अर्थची असते.

खरी मेहनत सेटिंगमध्ये आहे. सबवूफरला 80 हर्ट्झचा लो-पास (त्याखालचेच सूर जाऊ देणारा फिल्टर), दाराच्या स्पीकरना 80 चा हाय-पास (त्यावरचेच सूर जाऊ देणारा). हा दुसरा भाग सगळे विसरतात आणि मग दारं थरथरतात. बेस बूस्ट शून्यावर. अँपवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवतो: सबवूफर काढून, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून 50 हर्ट्झचा टोन वाजवा, मल्टिमीटर अँपच्या स्पीकर आउटपुटला लावा आणि एसी व्होल्ट बघत गेन हळूहळू वाढवा. 300 वॉट, 2 ओहमला 24.5 व्होल्ट आले की थांबा.

मग हलगी-घुमक्याचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावून फेज (सबवूफरचा कोन बाकी स्पीकरबरोबर हलतो की उलटा, ते बदलणारं बटण) 0 आणि 180 वर करून बघा. घुमक्याचा ठोका डिकीतून न येता समोरून, हलगीबरोबरच आला, तर तीच फेज बरोबर.