आदेश बांदेकरांनी ‘होम मिनिस्टर’ वीस वर्षं कसं टिकवलं?

तुम्ही विचारलंय की एकाच साच्याचा कार्यक्रम एकच माणूस इतकी वर्षं कसा काय चालवू शकतो. माझ्या मते खेळांमुळे नाही, बोलतं करण्याच्या हातोटीमुळे. दोन बायकांचे खेळ घेऊन जिंकणारीला पैठणी देणं कुणालाही जमेल. पण अनोळखी घरात शिरून तिथल्या सुनेला, तेही सासूसमोर आणि कॅमेऱ्यासमोर, मोकळं करणं फार थोड्यांना जमतं.

सप्टेंबर २००४ मध्ये हे सुरू झालं तेव्हा झी मराठी वाहिनीचं नाव अजून अल्फा मराठी होतं. त्याआधी दूरदर्शनवरच्या ‘ताक धिना धिन’मुळे बांदेकर लोकांच्या ओळखीचे झालेच होते. इथे मात्र ते घराघरांतल्या वहिनींचे ‘भावोजी’ झाले. दिरा-भावजयीत थट्टामस्करीची मोकळीक आपल्याकडे पहिल्यापासून आहे, त्यामुळे त्यांनी काही खोचक विचारलं तरी कुणाला राग येत नसे.

मला सगळ्यात आवडायचा तो नवऱ्याला बोलायला लावण्याचा भाग. लग्न कसं जमलं, बायकोचं काय आवडतं, असे साधे प्रश्न. सोफ्यावर अवघडून बसलेला तो माणूस शब्द शोधत राहायचा. बांदेकर घाई करायचे नाहीत, त्याच्या तोंडात शब्दही घालायचे नाहीत. मग तो एखादं वाक्य बोलायचा, दुखण्याखुपण्यात हिनेच घर सांभाळलं असं काहीतरी, आणि शेजारी बसलेली बायको पदराने डोळे टिपायची. घरात कधी न बोललेलं ती टीव्हीसमोर पहिल्यांदा ऐकत असायची.

मध्ये राजकारणही झालं. २००९ मध्ये त्यांनी माहीममधून विधानसभा लढवली, हरले. पुढे सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले. प्रेक्षकांनी भावोजींना त्यापासून वेगळंच ठेवलं.

बाईचं कौतुक पैठणीवरच का थांबावं, हा आक्षेप मला पटतो. पण संध्याकाळच्या वेळी, तिच्याच घरात, तिचं नाव घेऊन तिच्या कष्टांबद्दल विचारणारं दुसरं होतं कोण? म्हणूनच २०२२ मधलं अकरा लाखांच्या पैठणीचं ‘महामिनिस्टर’ हे याच कार्यक्रमाचं पर्व मला रुचलं नाही. बक्षीस एवढं मोठं झालं की गप्पा मागे पडल्या. त्यापेक्षा टाळेबंदीत त्यांनी स्वतःच्या घरातून व्हिडिओ कॉलवर केलेले भाग कितीतरी सरस होते. तिथे दारही नव्हतं नि गर्दीही, तरी बायका तितक्याच मनमोकळ्या बोलल्या.