पत्रक वाचून अजूनच गोंधळले, मॅडम

"तपासणी नाही केली तर मी बेजबाबदार ठरेन का?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी घेऊन येतात की आता चेहऱ्यावरूनच कळतं. त्यातल्याच एक ताई, वय 52, काही त्रास नाही, गाठ नाही, घरात कुणाला ब्रेस्ट कॅन्सर नाही. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं पत्रक हातात, घडी घालून घालून चुरगळलेलं. त्यात ठळक अक्षरात लिहिलेलं, तपासणीने मृत्यू 20 टक्क्यांनी कमी होतात. मी विचारलं, याचा अर्थ काय लागला तुम्हाला? म्हणाल्या, "शंभरातल्या वीस बायका वाचतात ना?"

तसं नाहीये ते, पण चूक त्यांची नाही, पत्रकाचीच आहे, कारण टक्के कशाचे ते लिहिलेलंच नाही. ते 20 टक्के ब्रेस्ट कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमधले, सगळ्या बायकांमधले नव्हेत. आणि खरं सांगायचं तर असलं पत्रक मीही कित्येक वर्षं वाटलंय, न वाचताच.

मग पेन्सिल घेतली. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने 2012 मध्ये हिशोब मांडला होता तो कागदावर लिहिला. पन्नाशीपासून 20 वर्षं 10,000 बायकांना तपासणीला बोलावलं तर ब्रेस्ट कॅन्सरचे 43 मृत्यू टळतात, आणि 129 जणींना असा कॅन्सर सापडतो जो आयुष्यभर कधी त्रास देणारच नव्हता. म्हणजे एक जीव वाचतो तिथे साधारण तीन जणींना नको असलेले उपचार. त्या बराच वेळ त्या 129 वर बोट ठेवून बसल्या. "मग तो कापायचा कशाला?" अहो, कुठला वाढणार आणि कुठला गप्प बसणार हे त्या वेळी सांगता येत नाही ना, म्हणून सगळ्यांवरच उपचार करतात, ऑपरेशन, रेडिएशन सगळं. पत्रकात याची एक ओळ नव्हती. आणि तपासणीत शंका आली म्हणून ज्यांना पुन्हा बोलावतात, त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतोच, पण मधले दिवस कसे जातात ते त्या बाईलाच माहीत, ते पण नव्हतं. हे आकडे सुद्धा काही दगडावरची रेघ नाहीत हां, तज्ज्ञांमध्ये यावरून वाद आहेत, मी तेही सांगितलं.

(गाठ लागतेय, निप्पलमधून रक्त येतंय, त्वचा आत ओढली गेलीय, असं काही असेल तर हा हिशोब लावत बसू नका, ते स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसताना करायची तपासणी नाही, सरळ डॉक्टरकडे जा. आई-बहिणीला झाला असेल तरी गणित वेगळं, ते डॉक्टरशीच बोला.)

"मग तुम्ही काय कराल?" असं विचारलंच त्यांनी, सगळ्याच विचारतात. मी उत्तर दिलं नाही, राग आला त्यांना थोडा. त्याऐवजी मी विचारलं की जास्त कशाचं भ्यायला होतं, कॅन्सर नजरेतून सुटून जाईल याचं की उगाच ऑपरेशन होईल याचं? त्या म्हणाल्या, सुटण्याचं. पण धाकटी बहीण उलटं म्हणेल, तिला हॉस्पिटलचा वासही नको.

आठवड्याने फोन आला, तारीख घेतलीय म्हणून. दुसऱ्यांदा बोलावलं तर काय काय विचारायचं ते लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, तो पेन्सिलचा कागद ठेवा, बहीण येतेय.