दुरुस्तीनंतरही ऑइलमध्ये पाणी : गॅरेजवाल्याला ट्रक अडवून ठेवता येतो का?

प्रश्न : मी नागपूरजवळ वाडीला राहतो. माझा एकच दहाचाकी ट्रक आहे; तो मी स्वतः चालवतो, सोबत एक क्लीनर असतो. एप्रिलमध्ये इंजिन ऑइल दुधाळ झाले. कामठी रोडवरच्या एका गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे सील) गेल्याचे सांगून काम केले, ६८,००० रुपये घेतले आणि साध्या कागदावर हिशेब लिहून दिला. एकोणीस दिवसांत ऑइल पुन्हा चहासारखे झाले व इंजिनातून ठोका येऊ लागला. तरी मी बुटीबोरीहून गाडी चालवतच आणली. आता ते म्हणतात, ऑइल कूलर (पाण्याने ऑइल थंड करणारा भाग) लीक होता, बेअरिंग आणि क्रँक गेले, २,३५,००० रुपये लागतील. मी नकार दिला, तर इंजिन खोलल्याचे २२,००० आणि रोजचे ५०० रुपये पार्किंग भरल्याशिवाय ट्रक सोडणार नाही म्हणतात. हप्ते थकत आहेत. पोलिसांत जावे का? काढलेला कूलर अजून त्यांच्याकडेच पडलेला आहे.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे. तो कूलर भंगारात गेला तर आपला दावा निम्मा त्याच्याबरोबर जाईल. म्हणून पैसे, पोलीस आणि हप्ते यांचा विचार करण्यापूर्वी आजच गॅरेजमालकाला लेखी कळवा की कूलर, जुनी हेड गॅस्केट, बेअरिंगचे कवच, ऑइल फिल्टर आणि निघालेले ऑइल यांपैकी काहीही आपल्या लेखी संमतीशिवाय हलवू अथवा टाकू नये. हे व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा.

दुरुस्ती करूनही बिघाड पुन्हा उद्भवला, एवढ्यावरून कायद्याच्या दृष्टीने सेवेत त्रुटी सिद्ध होत नाही. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) अनेक वाटांनी शिरते : हेड गॅस्केट, हेडमधील तडा, लायनरच्या खालच्या ओ-रिंग, लायनरला पडलेली बारीक छिद्रे, ऑइल कूलर, काही इंजिनांत इंजेक्टरची स्लीव्ह किंवा पाण्याने थंड होणारा एअर कॉम्प्रेसर. पहिला अंदाज चुकणे हा गुन्हा नाही. मात्र अंदाज तपासून पाहण्याची सोपी साधने उपलब्ध असताना ती न वापरणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) मधील त्रुटी ठरू शकते. इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उतरवून कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब दिला की पाणी कुठून टपकते हे बहुतेक वेळा खालून दिसते. कूलर सुटा काढून हवेच्या दाबाने पाण्यात बुडवून तपासता येतो. हेडचे टेस्टिंग आणि फेसिंग बहुधा बाहेरच्या लेथवर होते व तिथली पावती मिळते. आपल्या ६८,००० च्या कागदावर यांपैकी कशाचाही उल्लेख आहे का, ते पाहा. हेड टेस्टिंगची पावती त्यांना दाखवता आली नाही, तर ग्राहक आयोगासमोर आपली बाजू बरीच भक्कम होईल.

आणखी एक गोष्ट आठवून पाहा. एप्रिलमध्ये रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग होता का? इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, त्यामुळे कूलर फुटला की आधी ऑइल पाण्यात जाते. इंजिन बंद झाल्यावर ऑइलचा दाब उतरतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब काही वेळ टिकतो, आणि मग पाणी ऑइलमध्ये उतरते. तवंग होता म्हणून कूलरच दोषी होता असे ठरत नाही, कारण गॅस्केटमुळेही तसे होऊ शकते. पण कूलर तपासायला हवा होता, एवढे नक्की ठरते. त्या दिवसांतले फोटो फोनमध्ये असतील तर ते पुसू नका. गॅरेजवाले म्हणतील की कूलर नंतर, नागपूरच्या उन्हात, जास्त माल भरल्यामुळे फुटला. त्याला खरे उत्तर तज्ज्ञाचा लेखी अहवालच देऊ शकतो. विमा नियामकाचा परवाना असलेला मोटार सर्व्हेयर किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील यंत्र विभागाचे प्राध्यापक यांच्याकडून, गॅरेजला आगाऊ सूचना देऊन, तपासणी करून घ्या. ऑइल फेकून दिलेले असले तरी फिल्टरच्या कागदात ते मुरलेले असते. त्याच्या चाचणीत ग्लायकॉल, सोडियम किंवा पोटॅशियम सापडले तर कूलंटचा, आणि शिसे किंवा तांबे वाढलेले आढळले तर बेअरिंग झिजल्याचा पुरावा मिळतो.

व्यावसायिक वाहन असल्यामुळे आपण ग्राहकच नाही, असा आक्षेप हमखास घेतला जाईल. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेला वापर कायदा व्यावसायिक मानत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्वतः ट्रक चालवणाऱ्याचेच उदाहरण दिले होते, आणि मदतीला एकदोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नव्हे, हेही स्पष्ट केले होते. आपला क्लीनर त्यामुळे अडचण ठरत नाही. मात्र ‘हा एकच ट्रक, मीच चालवतो, घर यावरच चालते’ हे तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहिलेच पाहिजे. हे वाक्य राहून गेल्यामुळे चांगल्या तक्रारी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता ट्रक अडवण्याविषयी. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १७० कारागिराला त्याने वस्तूवर केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क देते, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण तो हक्क ठरलेल्या उद्देशानुसार केलेल्या कामापुरताच आहे. आपण इंजिन खोलायला तोंडी का होईना संमती दिली होती का, यावर २२,००० चे भवितव्य अवलंबून आहे. पार्किंगची गोष्ट वेगळी : स्वतःच्या येणे रकमेसाठी वस्तू अडवून ठेवणाऱ्याला त्या अडवणुकीचे भाडे, तसा करार नसेल तर, मागता येत नाही. ट्रक विकून वसुली करण्याचा अधिकारही हे कलम देत नाही.

हप्ते पाहता मी असे सुचवीन की, वाटाघाटीत मार्ग निघाला नाही तर २२,००० रुपये ‘हक्क राखून, निषेधासह’ असे लिहून बँकेमार्फत भरा, सुट्या भागांसह ट्रक ताब्यात घ्या आणि ती रक्कम तक्रारीत परत मागा. ते मान्य नसल्यास तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज करून, ही रक्कम आयोगात जमा करण्याची तयारी दाखवून ट्रक मागता येईल. तक्रार नागपूर जिल्हा आयोगात करता येते, कारण आपण राहता तिथेही ती दाखल करण्याची मुभा आता आहे. अधिकारक्षेत्र आणि शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पक्के बिल न देणे हीच कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा असल्याने तीही बाब तक्रारीत घ्या.

बुटीबोरीचा प्रवास मात्र आपल्या विरोधात जाईल. ठोका ऐकूनही गाडी चालवल्याने क्रँकचे नुकसान वाढले, असे म्हणण्यात तथ्य आहे, आणि करार अधिनियमाच्या कलम ७३ नुसार नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी आपण काय केले हे पाहिले जाते. तो प्रवास लपवू नका. फास्टॅगची नोंद तो तसाही दाखवेल. ६८,००० चा परतावा आणि बुडालेली कमाई यांवर भर द्या, क्रँकचा पूर्ण खर्च मिळेल असे गृहीत धरू नका. कमाईसाठी मागील वर्षभराच्या बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या), डिझेलची बिले आणि बँकेचे उतारे लागतील.

पोलिसांत आत्ता जाऊ नये. हा व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे आणि ठाण्यावर तसेच सांगून आपल्याला परत पाठवतील. गॅरेजवाल्यांनी ट्रकमधून कळवल्याशिवाय सुटे भाग काढून विकले किंवा ट्रकच इतरत्र नेला, तर मात्र त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि तिच्या प्रतीवर पोहोच घ्या.