कोरे सोडलेले अकरा प्रश्न

“मॅडम, दहावीपर्यंत हिने पहिला नंबर कधी सोडला नाही, आता एवढी मागे का पडायला लागली?” लातूरमध्ये समुपदेशन करताना चाचणी परीक्षांच्या दिवसांत हा प्रश्न मला अनेक आया विचारतात. त्यांपैकी एका मायलेकींची हकीकत, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, येथे सांगते.

मुलीच्या नीटच्या तयारीसाठी त्या दोघी शहरात खोली करून राहत होत्या. चुलतभाऊही त्याच बॅचमध्ये होता. आईने पिशवीतून प्रश्नपत्रिका काढून माझ्यासमोर ठेवली. भौतिकशास्त्राच्या पानांवर समासात बारीक अक्षरांत कच्चे काम होते, निवडलेल्या पर्यायाभोवती पेन्सिलीने गोलही केला होता; मात्र ओएमआर उत्तरपत्रिकेवर त्यांतले अकरा प्रश्न कोरेच होते. उत्तरतालिकेशी ताडून पाहिले, तर अकराही उत्तरे बरोबर निघाली. म्हणजे ७२० पैकी ४४ गुण तिने हातचे सोडले होते. वेळ पुरला नसेल, असे आईला वाटत होते. पण वेळ पुरला नसता तर सलग शेवटचे प्रश्न राहिले असते, आणि हे तर मधूनमधून सोडलेले होते.

मुलीला एकटीला भेटले तेव्हा मी कारण विचारले नाही. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ मटिना हॉर्नर यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विद्यार्थिनींना एका गोष्टीची पहिली ओळ दिली होती: पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर ॲन वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात पहिली आली आहे. विद्यार्थ्यांना हीच ओळ ‘जॉन’ या नावाने दिली होती. सुमारे ६५ टक्के विद्यार्थिनींच्या गोष्टींत ॲनच्या यशापाठोपाठ एकटेपणा, अपराधीपणा किंवा संकट आले. विद्यार्थ्यांमध्ये जॉनबद्दल असे लिहिणारे १० टक्क्यांहूनही कमी होते. तशाच दोन सुरुवाती मी या मुलीला दिल्या. मुलाच्या गोष्टीत तिने पेढे वाटले, गावात फ्लेक्स लावला, वडिलांना फेटा बांधला. मुलीच्या गोष्टीत दोनच वाक्ये होती: “ती पहिली आली. तिने घरी फोन केला नाही.”

त्यानंतर ती हळूहळू बोलू लागली. एका चाचणीत ती चुलतभावाच्या पुढे गेली होती आणि त्याच आठवड्यात आजी फोनवर म्हणाली होती, “तू पुढं गेलीस बाई, आता त्याचं कसं व्हायचं?” काकांनी फोन करणेच थांबवले. तेव्हापासून भावाला साधारण किती गुण पडतील याचा अंदाज बांधून त्याच्या थोडे खाली राहायचे, असा हिशेब ती मनातल्या मनात करत होती. भौतिकशास्त्रापेक्षा हा हिशेब कितीतरी अवघड होता, असे मला आजही वाटते.

हॉर्नर यांनी यशाच्या या भीतीचा उगम स्त्रियांच्या व्यक्तिमत्त्वात शोधला, आणि तिथे मी त्यांच्याशी सहमत नाही. १९७४ मध्ये मोनाहन, कुन आणि शेव्हर या संशोधकांनी शाळकरी मुलामुलींना त्याच ओळी दिल्या, तेव्हा ॲनच्या वाट्याला वाईट शेवट मुलांनीही दिले. यशस्वी मुलीचे पुढे काय होते, हे आजूबाजूच्या सगळ्यांनाच पाठ असते. मुलगी तेवढेच अचूक वाचते. म्हणून मी आईलाही तीच सुरुवात दिली. तिने लिहिले, “घरच्यांना आनंद झाला, पण काळजी लागली.” काळजी कसली, असे विचारल्यावर ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “भावाच्या फीसाठी मी माझं डीएड सोडलं होतं, मॅडम. तेव्हा कुणी मला सोड म्हटलंसुद्धा नव्हतं.”

‘आत्मविश्वास वाढव’ असा सल्ला मी मुलीला दिला नाही. वडिलांना बोलावले आणि रविवारच्या फोनवर दोन्ही मुलांचे गुण सगळ्यांसमोर, एकाच आवाजात वाचायला सांगितले. आजीशी बोलण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील २०१२ चा अभ्यास त्यांना सांगितला: जिथे आरक्षणामुळे सलग दोन कार्यकाळ स्त्री सरपंच होती, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधील तफावत ३२ टक्क्यांनी घटली होती. त्या मुलींना कुणी आत्मविश्वासाचे धडे दिले नव्हते. गावाचा कारभार बाई चालवते, हे सगळ्या गावाने पाहिले होते.

चुलतभावालाही भेटले. बहीण मुद्दाम मागे राहते हे त्याला कळले होते आणि त्याची त्याला लाज वाटत होती. मुळात त्याला डॉक्टर व्हायचे आहे का, हे त्याला कुणीच विचारले नव्हते. स्वतः शोध न घेता घरून मिळालेली ओळख अंगावर चढवणे ही अवस्था मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्येच नोंदवली होती, आणि ती मुलांनाही तितकीच जड जाते.

प्रत्येक घसरणीमागे हेच कारण असते असे नाही. झोप, नैराश्य, विषयाची खरी अडचण हेही तपासावे लागते. पण गुणांवरून बोलण्याआधी कच्चे काम जरूर पाहावे.

दीड महिन्याने मुलगी स्वतःच पुढची प्रश्नपत्रिका घेऊन आली. त्यात दोन प्रश्न कोरे होते. मी काही विचारण्याआधीच तिने समासाकडे बोट दाखवले. तिथे काहीच लिहिलेले नव्हते. “हे खरंच येत नव्हते, मॅडम.”